गर्दी, पंच आणि ज्यूरी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फोन करून सांगितलं, "वीस मिनिटं आहेत, विषय तुझा तू ठरव." मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे कॉम्प्युटरबद्दलच बोलेन अशी बऱ्याच जणांची समजूत झाली असणार. पण मी आज ज्यूरीबद्दल बोलणार आहे. मी वकील नाही आणि आपल्या बॅचमधले दोन वकील पुढच्या रांगेत बसलेले दिसताहेत. चुकलं तर चहाच्या वेळी उलटतपासणी घ्यावी, माझी हरकत नाही.

हा विषय सुचला तो आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळे. बातमी येते, फोटो येतो, आणि दहा मिनिटांत निकाल लागतो. "याला फाशीच द्या." "हिचंच काहीतरी असणार." आरोपी कोण, पुरावा काय, दुसरी बाजू काय, हे विचारायच्या आत शिक्षासुद्धा ठरलेली असते. म्हणून मनात आलं, सामान्य माणसांना खरोखरच न्यायाच्या खुर्चीत बसवलं तर काय होतं? हा प्रयोग जगात शेकडो वर्षं चालू आहे आणि आपल्या मुंबईतही तो झालेला आहे.

ज्यूरी म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना 'एक रुका हुआ फैसला' या १९८६ च्या सिनेमामुळे माहीत असेल. बारा माणसं एका खोलीत बसतात आणि आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवतात. कायदा काय आहे ते न्यायाधीश समजावून सांगतो, पण घडलं काय ते ज्यूरी ठरवते. इंग्लंडमधून ही पद्धत इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली. मुंबईच्या हायकोर्टात नऊ जणांची ज्यूरी असे. जिल्ह्यांमध्ये मात्र सरकार ठरवेल तिथेच आणि ठरवेल त्या गुन्ह्यांपुरतीच ज्यूरी असे. बाकी ठिकाणी 'असेसर' बसत. त्यांचं मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. असेसर १९५५ मध्ये गेले. १ एप्रिल १९७४ पासून नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली, तिच्यात ज्यूरीला जागाच ठेवलेली नव्हती.

पण लोकांनी मिळून न्याय करायचा ही कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली असं समजू नका. मराठ्यांच्या राज्यात गोतसभा होती, मजालस होती. वतनाचा किंवा शिवेचा तंटा आला की गावचे पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावची जाणती माणसं एकत्र बसत, दोन्ही बाजू ऐकत आणि निवाड्याचा कागद करत. त्याला महजर म्हणत. त्यावर हजर असलेल्यांची नावं आणि निशाण्या असत. पाटलाचा नांगर, सुताराचं हत्यार, ज्याची जी खूण असेल ती. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीची बरीच स्तुती केली आहे आणि दोषही सांगितले आहेत. काम रेंगाळतं, नियम ठरलेले नाहीत, वजनदार माणसापुढे पंच नमतात, अशा तऱ्हेचे. दोनशे वर्षांपूर्वीची ती यादी आजही जुनी वाटत नाही.

आता मुंबईतले तीन खटले सांगते. ज्यूरीचं बळ काय आणि दुबळेपणा काय, ते त्यात दिसेल.

पहिला १८९७ चा, लोकमान्य टिळकांचा. रँडच्या खुनानंतर 'केसरी'तल्या लेखनावरून राजद्रोहाचा खटला झाला. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपीय होते आणि तीन भारतीय. सहा जण म्हणाले दोषी, तीन म्हणाले निर्दोष. कोण कुठल्या बाजूला होते ते सांगायला नको. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अठरा महिन्यांची शिक्षा दिली. दुसरा खटला १९०८ चा, पुन्हा टिळकांचाच. ज्यूरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली आणि टिळक मंडालेला गेले. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. टिळक त्या कोर्टात जे बोलले ते आज हायकोर्टाच्या भिंतीवर कोरलेलं आहे. ज्या कोर्टात शिक्षा झाली त्याच कोर्टात १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्या शिलालेखाचं अनावरण झालं.

या दोन खटल्यांत कायदा पाळला गेला, ज्यूरी बसली, मतं मोजली गेली. चूक आकड्यात नव्हती, माणसं निवडण्यात होती. इंग्रजीत म्हण आहे की माणसाचा न्याय त्याच्या बरोबरीच्यांनी करावा. पण बरोबरीचे कोण, ते यादी करणारा ठरवतो. मराठी वर्तमानपत्रातल्या मराठी शब्दांचा अर्थ ठरवायला ज्यांना मराठी येत नाही अशी माणसं बहुमतात बसवली, तर त्या बहुमताला काय किंमत?

तिसरा खटला तुम्हाला माहीत आहे, कारण त्यावर सिनेमे निघाले. कमांडर कावस नानावटी. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीने दुसऱ्या पुरुषाशी असलेले संबंध त्यांच्याजवळ कबूल केले. नानावटींनी पत्नीला आणि मुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं, प्रेम आहुजांच्या घरी गेले आणि तीन गोळ्यांत आहुजा मेले. मग ते स्वतः पोलिसांच्या हवाली झाले. प्रश्न असा होता की हा झटापटीत घडलेला अपघात, रागाच्या भरात झालेलं कृत्य, की ठरवून केलेला खून? करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली. सारी मुंबई त्या खटल्यावर बोलत होती. २१ ऑक्टोबर १९५९ ला ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने सांगितलं, निर्दोष.

सेशन्स जज रतिलाल मेहता यांना हा निकाल पुराव्याला धरून वाटला नाही. त्या वेळच्या कायद्यात अशी सोय होती की ज्यूरीचा निकाल कुठल्याही शहाण्या माणसाला पटणार नाही असा असेल, तर न्यायाधीशाने प्रकरण हायकोर्टाकडे पाठवावं. त्यांनी पाठवलं. हायकोर्टाने मार्च १९६० मध्ये नानावटींना खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांत सुमारे तीन तास गेले होते, मधली सगळी कामं त्यांनी नीट केली होती, मग अचानक संताप कसा म्हणायचा, हे न्यायालयाचं म्हणणं. शेवटी १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी त्यांना माफी दिली.

या खटल्यामुळेच ज्यूरी बंद झाली असं आपण ऐकतो. ते तितकंसं बरोबर नाही. लॉ कमिशनने १९५८ मध्येच, म्हणजे नानावटींनी गोळी झाडायच्या आधी, ज्यूरी बंद करावी असं सुचवलं होतं. नानावटी खटल्याने त्या शिफारशीला एक चेहरा दिला इतकंच.

आता थोडं माझ्या विषयाचं गणित. घाबरू नका, दहावीच्या पुढचं नाही. फ्रान्सच्या कॉन्डोर्से नावाच्या गणितज्ञाने १७८५ मध्ये एक गोष्ट मांडली. समजा एक माणूस शंभरपैकी साठ वेळा बरोबर निर्णय देतो. म्हणजे फार हुशार नाही, पण नाणं उडवण्यापेक्षा बरा. अशी नऊ माणसं घेतली, प्रत्येकाने स्वतःच्या डोक्याने विचार केला आणि बहुमत घेतलं, तर ते बहुमत शंभरपैकी सुमारे त्र्याहत्तर वेळा बरोबर येतं. म्हणजे नऊ साध्या माणसांचं मिळून एका माणसापेक्षा चांगलं जमतं. हे ज्यूरीचं बळ आहे आणि ते गणिताने सिद्ध होतं.

पण यात दोन अटी आहेत. पहिली अट, प्रत्येक जण निदान निम्म्यापेक्षा जास्त वेळा बरोबर असला पाहिजे. पूर्वग्रहामुळे तो शंभरात चाळीस वेळाच बरोबर येत असेल, तर नऊ जणांचं बहुमत सत्तावीस वेळाच बरोबर येतं. म्हणजे पूर्वग्रह असला की माणसं वाढवून न्याय वाढत नाही, अन्याय वाढतो. दुसरी अट, प्रत्येकाने स्वतंत्र विचार केला पाहिजे. नऊही जणांनी सकाळी तोच अंक वाचला असेल आणि त्याच अंकाने त्यांचं मत बनवलं असेल, तर ती नऊ मतं नाहीत, एकच मत नऊ वेळा मोजलेलं आहे. आम्ही प्रोग्राम तपासायला दुसऱ्या माणसाकडे देतो ते याचसाठी. लिहिणाऱ्यानेच "सगळं बरोबर आहे, फक्त सही कर" असं सांगितलं, तर ती तपासणी नावापुरती. टिळकांच्या खटल्यांत पहिली अट मोडली होती. नानावटी खटल्यात दुसरी मोडली, असं मला वाटतं.

हे सगळं मुंबईचं झालं. आपल्या भागाचं काय?

आपल्या आजी-आजोबांच्या काळात या तालुक्यांत वारली माणसाचा न्याय जमीनदाराच्या वाड्यावर व्हायचा. आरोप करणारा तोच, निकाल देणारा तोच, फटके मारणाराही त्याचाच माणूस. वेठबिगार आणि लग्नगडी म्हणजे काय, ते ज्यांच्या घरांनी भोगलं ती मंडळी आज या सभागृहात बसली आहेत, मी वेगळं सांगायला नको. १९४५ मध्ये झरीच्या परिषदेपासून गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या सोबतीने वारली उभे राहिले. त्या वेळी इथे ज्यूरी बसवली असती तर तिच्यात कोण बसलं असतं? १८९८ च्या मूळ कायद्यात ज्यूरीला पात्र फक्त पुरुष होते. स्त्रिया नाहीत. आणि याद्या करायच्या तर त्या शिकलेल्या, पत असलेल्या माणसांच्याच होणार. म्हणजे वारल्याचा न्याय करायला सावकाराच्या ओळखीतली नऊ माणसं. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात १९५५ मध्ये हेच झालं. एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला ठार मारणाऱ्या दोघांना, सगळेच्या सगळे गोरे पुरुष असलेल्या ज्यूरीने तासाभरात निर्दोष सोडलं. पुढच्याच वर्षी त्या दोघांनी एका मासिकात पैसे घेऊन गुन्हा कबूल केला.

त्याच १९४५ च्या ऑक्टोबरमधली तलवाड्याची गोष्ट आपल्याकडची जुनी माणसं सांगतात. गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी खोटी आवई उठवली गेली. हजारो वारली जमले. पोलिसांनी त्या जमावावर गोळीबार केला आणि जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. एका अफवेने माणसं गोळा केली आणि त्यांचा बळी घेतला.

त्यानंतर पंचाहत्तर वर्षांनी, १६ एप्रिल २०२०, डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. लॉकडाऊनचे दिवस. मुलं पळवणारे, अवयव काढून नेणारे चोर रात्री फिरतात अशा अफवा पाड्यापाड्यांत पसरलेल्या. गाडीतून निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक, अशा तिघांना जमावाने पोलिसांसमोर ठार मारलं. कोण दोषी हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, मी त्यात शिरत नाही. पण त्यानंतर काय झालं ते आठवा. टीव्हीवर आणि मोबाईलवर आणखी एक जमाव जमला. त्याने ज्या धर्माचा, ज्या पक्षाचा राग त्याच्या मनात होता त्याच्यावर खापर फोडलं आणि आमच्या सगळ्या आदिवासी गावांनाच खुनी ठरवलं. तेव्हा मला ऑफिसातले लोक विचारत, "तू त्याच भागातली ना?" दोन्ही जमावांनी एकच केलं. ऐकायच्या आधी निकाल दिला.

मित्रहो, मला इथे एक मुद्दा मांडायचा आहे. गर्दी आणि ज्यूरी दोन्हींमध्ये सामान्य माणसंच असतात. कदाचित तीच माणसं असू शकतील. फरक माणसांत नाही, पद्धतीत आहे. ज्यूरीतल्या माणसाला आधी विचारतात, तुझा या प्रकरणाशी संबंध आहे का? असेल तर घरी पाठवतात. मग त्याला शपथ देतात. ऐकीव गोष्ट त्याच्यापर्यंत पोचू देत नाहीत, साक्षीदाराने स्वतः पाहिलेलंच सांगायचं. आरोपीची बाजू पूर्ण ऐकल्याशिवाय त्याला तोंड उघडता येत नाही. संशय असेल तर त्याचा फायदा आरोपीला द्यायचा, हे न्यायाधीश त्याला बजावतो. गर्दीत यातलं एकही होत नाही. भुताळी ठरवून एखाद्या बाईला मारहाण करतात तेव्हा गाव जमलेलं असतं, भगत असतो, सगळं एकमताने होतं. फक्त त्या बाईचं कोणी ऐकत नाही. एकमत आणि न्याय यांत हे अंतर आहे.

आता कोणी म्हणेल, मग ज्यूरी गेली ते बरंच झालं. थांबा, तिच्या बाजूनेही बोलायला हवं.

पहिलं म्हणजे, ज्यूरी सत्तेपुढे उभी राहू शकते. १६७० मध्ये लंडनमध्ये विल्यम पेनला दोषी ठरवा म्हणून न्यायाधीशांनी ज्यूरीला कोंडून ठेवलं, अन्नपाणी दिलं नाही, तरी ते बधले नाहीत. न्यायाधीशाला बढती हवी असते, बदली टाळायची असते. ज्यूरीतल्या माणसाला उद्या आपल्या दुकानात परत जायचं असतं, त्याला सरकारकडून काही नको असतं. आपल्याकडे रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव अडीचशे वर्षं घेतलं जातं, याचं कारण रामशास्त्री वारंवार जन्माला येत नाहीत.

दुसरं, ज्यूरीला वेळ काढता येत नाही. नऊ माणसांना वर्षानुवर्षं तारखा देऊन कोर्टात बोलावता येत नाही, म्हणून खटला सलग चालवावा लागतो. नानावटी प्रकरणात एप्रिलमध्ये गोळी झाडली गेली आणि ऑक्टोबरमध्ये ज्यूरीने निकाल दिला. सुप्रीम कोर्टापर्यंत सगळं मिळून अडीच-पावणेतीन वर्षांत संपलं. निकाल पटो न पटो, आज डहाणूहून पालघरला तारखेसाठी खेपा घालणाऱ्या माणसाला हे ऐकून हेवा वाटेल.

तिसरं आपल्या भागाला फार लागू आहे. स्थानिक माणसाला इथलं बोलणं कळतं. वकील साक्षीदाराला विचारतो, "किती वाजले होते?" पाड्यावरची म्हातारी सांगते, "दिवस कासराभर वर आला होता." ती वारलीत किंवा डावरीत बोलते, त्याचं मराठी होतं, पुढे हायकोर्टासाठी इंग्रजी होतं, आणि प्रत्येक पायरीवर काहीतरी सांडतं. न्यायाधीश तीन वर्षांसाठी बदलून आलेले असतात. बिचारे प्रामाणिक असतात, पण ताडी कुणाच्या झाडाची, लग्नाआधी एकत्र राहणं इथे गुन्हा का मानत नाहीत, हे त्यांना कोण सांगणार? इथल्या दोन-चार माणसांना शेजारी बसवलं तर खरं-खोटं लवकर उमगेल.

पण ज्यूरीचा सर्वांत मोठा दोष असा की ती कारण सांगत नाही. "निर्दोष", एवढं म्हणून ती घरी जाते. न्यायाधीशाला निकालपत्र लिहावं लागतं. त्यातला तर्क चुकला असेल तर वरचं कोर्ट दाखवून देतं. जिथे कारणच लिहिलेलं नाही तिथे अपील कशावर करायचं? आमच्या धंद्यात म्हणतात की बिघाड झाला तर चालेल, पण नोंद ठेवा, म्हणजे शोधता येईल. न्यायातसुद्धा नोंद हवी.

मग मधला रस्ता आहे का? जपानने २००९ पासून एक काढला आहे. गंभीर गुन्ह्यांत तीन न्यायाधीश आणि चिठ्ठ्या टाकून निवडलेले सहा नागरिक एकत्र बसतात. दोषी ठरवायचं तर बहुमतात निदान एक तरी न्यायाधीश असावाच लागतो, आणि निकालाची कारणं लिहून द्यावी लागतात. लोकांची समज आणि कायद्याची शिस्त, दोन्ही एका टेबलावर.

आणि आपल्याकडे ज्यूरी पूर्ण संपली असंही नाही. बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांतले आपले पारशी वर्गमित्र इथे आहेत. त्यांच्या समाजासाठी १९३६ चा पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा आहे. त्यांचा घटस्फोटाचा वाद लढवला गेला तर मुंबई हायकोर्टात न्यायाधीशासोबत समाजातले पाच प्रतिनिधी बसतात. त्यांना डेलिगेट म्हणतात. वस्तुस्थिती काय ते डेलिगेट बहुमताने ठरवतात. ज्यूरीचा हा शेवटचा अवशेष. त्याचेही दोन्ही रंग दिसतात. आपल्या चालीरीती जाणणारी माणसं ऐकायला बसतात हे चांगलं. पण समाज एवढा लहान की नवऱ्याची मावशी आणि बायकोचा काका दोघांना ओळखणारं कोणीतरी समोर असणारच, आणि घरातलं दुःख त्यांच्यापुढे मांडायचं हे जड.

आपल्या डहाणू-तलासरीला तर आणखी एक अधिकार आहे. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या रूढीप्रमाणे तंटे मिटवण्याची पद्धत जपण्याचा हक्क दिला आहे. खून-बलात्कार तिथे नेता येत नाहीत, ते कोर्टाचंच काम. पण बांधाचा, वाटणीचा, गुरांनी पीक खाल्ल्याचा वाद गावात मिटू शकतो. राज्यात २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम निघाली, तिचा हेतूही तोच. मात्र ग्रामसभा ही जमाव होणार की पंचायत होणार, हे तिच्या पद्धतीवर ठरेल. ज्याच्यावर आरोप आहे त्याला बोलू दिलं का? पंचाचा भाऊबंद वादात असेल तर पंच उठून बाजूला बसला का? बायका फक्त मागे बसल्या की त्यांचं मत विचारलं? निवाडा कारणांसह लिहिला का? आपल्यातले जे सरपंच, सदस्य, ग्रामसेवक, शिक्षक आहेत त्यांना माझी विनंती आहे की हे चार प्रश्न ग्रामसभेच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

तुम्ही माझं मत विचाराल. जुनी ज्यूरी जशीच्या तशी परत आणावी असं मला वाटत नाही. जात, धर्म, जमीन आणि मोबाईल यांनी आपली मतं आधीच बांधलेली असताना नऊ जणांच्या हातात कारण न देता कुणाचं आयुष्य सोपवणं धोक्याचं आहे. पण सामान्य माणसाला कोर्टाच्या दाराबाहेर पूर्णपणे उभं करणं हेही बरोबर नाही. गंभीर खटल्यांत जपानसारखे दोन-चार नागरिक न्यायाधीशाशेजारी बसवून पाहावेत, तेही आदिवासी भागात त्या भाषेचे, आणि त्यांत निम्म्या बायका. आपल्या पुढच्या रांगेतले वकील मान हलवताहेत, होकारार्थी की नकारार्थी ते चहाला कळेल.

तोपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहेच. आज फौजदारी कामात सामान्य माणसाची एकच खुर्ची उरली आहे, ती पंचनाम्यातल्या पंचाची. झडती घेताना परिसरातल्या दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित व्यक्तींना हजर ठेवावं असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात काय होतं? पोलीस दाराशी आले की आपण म्हणतो, "मला नको, माझं नाव घालू नका." मग ठरलेली माणसं पंच होतात, न वाचता सही करतात, कोर्टात फितूर होतात, आणि खटला कोसळतो. त्यात कधी गुन्हेगार सुटतो, कधी निरपराध अडकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं आहे. ते चांगलंच आहे. पण कॅमेरा फक्त दाखवतो, साक्ष द्यायला माणूस लागतो.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. पंच म्हणून बोलावलं तर जा. समोर जे घडलं तेच लिहिलंय का ते वाचा आणि मगच सही करा. समन्स आलं तर तारखेला हजर राहा. आणि ग्रुपवर पुढची बातमी आली की निकाल देण्याआधी विचारा, दुसऱ्या बाजूचं कोणी ऐकलंय का? या शाळेत आपल्याला गुरुजी आणि बाईंनी बाकी काही शिकवलं असो नसो, वर्गात भांडण झालं की दोघांनाही उभं करून एकेकाचं पूर्ण ऐकून घ्यायची त्यांची पद्धत होती. तेवढी जरी आपण गावोगाव नेली, तरी पुष्कळ झालं.